गेंडेनची चालढकल

उलान बातरमध्ये ही गोष्ट रंगवून सांगतात. डिसेंबर १९३५, मॉस्को. मंगोल वकिलातीत मेजवानी चाललेली. मंगोलियाचा पंतप्रधान पेलजिदीन गेंडेन भरपूर प्यायलेला, आणि समोर साक्षात स्टालिन. बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला. स्टालिननं गेंडेनच्या काठीला लाथ मारली. गेंडेननं त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि तो जगप्रसिद्ध पाइप हिसकावून फोडून टाकला. वर, तू जॉर्जियाचा असून रशियाचा झार होऊन बसलास, असंही सुनावलं.

पाइप खरोखर फुटला, यावर मी पैज लावणार नाही. सांगणारा बदलला की आधी थप्पड की आधी काठी, हेही बदलतं. माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीमुळे गेंडेन एका रात्रीपुरता शूर ठरतो, आणि तोही दारूच्या जोरावर. प्रत्यक्षात त्याचा झगडा वर्षानुवर्षं चालला होता आणि त्यातलं हत्यार थप्पड नव्हतं, चालढकल होती. मॉस्कोत मान डोलवायची, हो हो म्हणायचं, घरी यायचं आणि काम लांबणीवर टाकायचं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणाही मराठी माणसाला हे हत्यार लांबूनही ओळखू येईल. फरक इतकाच, की इथे खेटे घालायची पाळी स्टालिनवर आली होती.

गेंडेन ज्या खुर्चीवर बसला ती खुर्चीच अपशकुनी. दोन शतकांहून अधिक काळ मंगोलियावर चीनच्या मांचू बादशहांची सत्ता होती. १९११ मध्ये तो डोलारा कोसळला, तशी मंगोल सरदारांनी उर्गा शहरातला सर्वोच्च लामा, आठवा बोग्द, याला गादीवर बसवलं. १९१९ मध्ये चिनी फौजा परतल्या. १९२१ च्या फेब्रुवारीत बॅरन उंगर्न नावाचा, रशियन यादवीतून उरलेला एक माथेफिरू सेनानी उर्गा बळकावून बसला, आणि जुलैत मंगोल क्रांतिकारक लाल सेनेला सोबत घेऊन शहरात शिरले. तेव्हापासून मंगोल सरकारच्या बैठकीत मॉस्कोचा सल्लागार हा ठरलेलाच.

त्या क्रांतीपासून १९५२ पर्यंत सरकारचं प्रमुखपद आठ माणसांनी भोगलं. भोगलं हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. पहिले दोघे, चाग्दारजाव आणि बोदो, यांना ऑगस्ट १९२२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. जिगजिदजावचा १९३३ मध्ये खून झाला. गेंडेनला १९३७ मध्ये आणि आमारला १९४१ मध्ये सोव्हिएत भूमीवर नेऊन मारलं. आपल्या मरणानं मेले ते फक्त तिघे: एक धर्मगुरू, जुन्या राजवटीतला एक मुरलेला कारभारी, आणि चोइबाल्सान. या तिसऱ्या नावाशी आपली गाठ पुढे पडणार आहेच.

गेंडेनचा जन्म १८९० च्या दशकातला, ओवोरखानगाय प्रांतात तारागत भागातला. घर पशुपालकांचं, गरिबीचं. घर म्हणजे गेर, नमद्याचा गोल तंबू, जो ऋतू बदलला की उंटावर लादून पुढच्या कुरणाकडे न्यायचा. क्रांतीनंतर तो युवक संघटनेत शिरला आणि १९२४ च्या नोव्हेंबरात पहिल्या महाखुरालला, म्हणजे राष्ट्रीय सभेला, प्रतिनिधी म्हणून उर्ग्याला आला. बोग्द त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता आणि त्याचा पुढचा अवतार शोधायचा नाही असं ठरत होतं. २६ नोव्हेंबरला सभेनं प्रजासत्ताक जाहीर केलं. राजधानीला नवं नाव मिळालं, उलान बातर, म्हणजे लाल वीर. आणि तीन दिवसांनी या धनगराच्या पोराची छोट्या खुरालच्या अध्यक्षमंडळाचा अध्यक्ष म्हणून निवड झाली. थोडक्यात, तो राष्ट्रप्रमुख झाला. तीन वर्षं तो त्या पदावर होता. माणूस मोठ्या आवाजाचा, तोंडावर बोलणारा, पिण्यातही मागे नसलेला, लोकांना आवडायचा.

इथे गेंडेनच्या चाहत्यांना जरा अडचण होते. कारण पुढची चार वर्षं तो ज्या बाजूला होता, ती बाजू देशाला खड्ड्यात घालणारी होती.

१९२८ च्या शेवटी सत्ताधारी पक्षाच्या सातव्या अधिवेशनात मॉस्कोच्या दूतांनी मवाळ नेत्यांना उखडून काढलं आणि 'डाव्यां'च्या हाती पक्ष दिला. गेंडेन पक्षाच्या तीन चिटणिसांपैकी एक झाला. स्टालिन तेव्हा रशियात सामुदायिक शेती लादत होता, म्हणून मंगोलियातही काहीतरी सामुदायिक व्हायलाच हवं होतं. पण मंगोलियात शेती कुठे? तिथली माणसं पाच जनावरं मोजतात: घोडा, गाय-याक, उंट, मेंढी आणि बकरी. मग जनावरंच सामुदायिक करायची ठरलं. सरदारांची आणि मठांची मालमत्ता जप्त झाली. खासगी व्यापार बंद केला. चिनी व्यापारी गेले आणि त्यांच्याबरोबर चहाच्या विटा, कापड, पीठ, सगळंच दुकानांतून गेलं. जे कळप सरकारला द्यायचे ते माणसं कापून खाऊ लागली. १९३० मध्ये देशात २ कोटी ३० लाखांहून जास्त जनावरं होती. दोन वर्षांनी ती १ कोटी ६० लाखांवर आली. ज्या देशात माणसं उणीपुरी सात-साडेसात लाख, आणि ती दूध, मांस, लोकर आणि वाळलेल्या शेणावर जगणारी, तिथे सत्तर लाख जनावरं जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल १९३२ मध्ये खोव्सगोल प्रांतातल्या एका मठातून बंड पेटलं आणि बघता बघता पश्चिमेकडच्या प्रांतांत वणव्यासारखं पसरलं. लामा, जुने सरदार, साधे पशुपालक, काही ठिकाणी तर पक्षाचे सभासदसुद्धा त्यात सामील झाले. तिबेटमधून परागंदा झालेले पांचेन लामा तेव्हा चीनच्या बाजूला होते. ते फौज घेऊन येतील अशी बंडवाल्यांना आशा होती. कुणी आलं नाही. सोव्हिएत शस्त्रांच्या बळावर बंड चिरडायला नोव्हेंबर उजाडला. मेलेले हजारांत मोजावे लागले.

पण मॉस्को घाबरलं. पूर्वेला जपाननं १९३१ मध्ये मांचुरिया गिळला होता आणि १९३२ मध्ये तिथे मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभं केलं होतं. मधला मंगोलिया असा धुमसत राहिला तर सैबेरियाची दारं उघडी. तेव्हा मे-जूनमध्ये हुकूम सुटला: डावं वळण चुकीचं होतं, मागे फिरा. चूक कुणाची? अर्थात मंगोल डाव्यांची! त्यांना त्या वळणावर ज्यांनी ढकललं, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. बाकीचे डावे पुढारी पायउतार झाले, तर गेंडेननं खड्या आवाजात चूक कबूल केली आणि २ जुलै १९३२ ला तोच पंतप्रधान झाला. याला संधिसाधूपणा म्हणावं का? म्हणावं. पण पुढे त्यानं जे केलं त्यात नुसता संधिसाधू दिसत नाही. मला वाटतं, ती चार वर्षं त्याच्या मनाला खरोखर लागली होती.

'नवं वळण' असं या धोरणाचं नाव. सामुदायिक कळप मोडले, जनावरं पुन्हा ज्याची त्याला मिळाली. कर उतरवले. खासगी व्यापाराला, गाड्या-उंटांच्या भाडेवाहतुकीला परवानगी मिळाली. मठ उघडले आणि सक्तीनं संसारी केलेले लामा परत जाऊन पाठ म्हणू लागले. गेंडेनची घोषणा होती, श्रीमंत व्हा. रशियात असंच काहीसं बोलून बोल्शेविक पुढारी बुखारिन अडचणीत आला होता, तरी गेंडेननं ती बिनदिक्कत चालवली. कळप हळूहळू भरू लागले, दुकानांत माल दिसू लागला. विसाव्या शतकाच्या त्या दशकांत मंगोल पशुपालकाला जरा बरे दिवस आले असतील, तर ते या काळात.

याच काळात गेंडेनच्या कपाळावरचा सगळ्यात काळा डागही पडला. १९३३ मध्ये पक्षाचा चिटणीस ल्हुम्बे याच्यावर जपानचा हेर असल्याचा आरोप आला. पुरावा बनावट, कबुल्या छळ करून काढलेल्या, मागे सोव्हिएत गुप्त पोलिस. जाळ्यात सापडले ते मुख्यतः बुर्यात, म्हणजे रशियन क्रांतीच्या धामधुमीत सीमेपलीकडून पळून आलेले मंगोल. बुर्यात वस्त्यांमधून पुरुष उचलून नेले. ल्हुम्बेसह कित्येकांना १९३४ च्या उन्हाळ्यात गोळ्या घातल्या. ल्हुम्बे हा गेंडेनचा पक्षातला प्रतिस्पर्धी होता. गेंडेननं हे सगळं होऊ दिलं, हातभारही लावला. ज्या चरकात पुढे तो स्वतः पिळला जाणार होता, त्याचं पहिलं चाक फिरलं तेव्हा तो पंतप्रधान होता.

या प्रकरणात आणखी एकाचं नाव आलं होतं: चोइबाल्सान. क्रांतीच्या पहिल्या फळीतला, पण कडेला पडलेला. त्याला मॉस्कोला बोलावून उलटसुलट जबाब घेतले गेले. तो परत आला तो मॉस्कोचा माणूस होऊन. स्टालिनला तो पसंत पडला आणि त्याला उपपंतप्रधान करा, असा आग्रह सुरू झाला. गेंडेन नको म्हणत राहिला. शेवटी चोइबाल्सान त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलाच.

नोव्हेंबर १९३४ मध्ये गेंडेन मॉस्कोत स्टालिनसमोर बसला. २७ तारखेला दोन्ही देशांत एक तोंडी करार झाला: कुणावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं मदतीला यायचं. कागद नाही, सही नाही, शब्दावर शब्द. गेंडेनला हे हवंच होतं, कारण जपान खरोखरच सीमेवर होता. दोनच महिन्यांनी मांचुकुओच्या सरहद्दीवर चकमकींना तोंड लागलं. पण स्टालिननं त्या शब्दाची किंमत मागितली. ती किंमत म्हणजे लामा.

मंगोलियात तेव्हा सातशेहून जास्त मठ होते आणि लामांची संख्या लाखाच्या घरात सांगितली जाई. देशातल्या पुरुषांचा केवढा मोठा हिस्सा हा! शाळा म्हणजे मठ, दवाखाना म्हणजे मठ, बाजार, पेढी, यात्रा सगळं मठाच्या अंगणात. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा मुलगा तिथे होता. स्टालिनच्या लेखी हे सरकारच्या पोटातलं दुसरं सरकार होतं आणि ते चिरडायला हवं होतं. गेंडेन स्वतः श्रद्धाळू बौद्ध. जगात थोर पुरुष दोनच झाले, एक बुद्ध आणि दुसरा लेनिन, असं तो म्हणे, अशी आठवण सांगतात. स्टालिनच्या राज्यात ही यादी दोन्ही बाजूंनी धोक्याची: बुद्ध आत आणि स्टालिन बाहेर.

गेंडेननं नाही म्हटलं नाही. मॉस्कोत त्यानं हो म्हटलं आणि उलान बातरला येऊन विषय थंड केला. मठांवर थोडे कर वाढवले, लहान मुलांच्या दीक्षेवर थोडी बंधनं आली, भाषणं झाली. पण ज्याला मॉस्को कारवाई म्हणत होतं ते घडलं नाही. सैन्यावरचा खर्च वाढवा म्हटलं की हात आखडता, गुप्त पोलिसांना मंत्रालयाचा दर्जा द्या म्हटलं की बघू. १९३२ च्या बंडात त्यानं जळती कुरणं पाहिली होती. मठाला हात लावला की पुन्हा तेच होणार, हे त्याला दिसत होतं, आणि हा काही फक्त श्रद्धेचा प्रश्न नव्हता, साधा हिशेब होता. मांचुकुओच्या प्रतिनिधींशीही १९३५ मध्ये सीमेवर महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या. निष्पन्न काही झालं नाही, पण दोन दांडग्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या लहान देशाला बोलणी चालू असणं हीच मिळकत असते.

डिसेंबर १९३५ मध्ये पुन्हा मॉस्को. या वेळी स्टालिननं हातचं राखून काही ठेवलं नाही. लामांचं काय केलंस, सैन्याचं काय केलंस, दिलेल्या शब्दाचं काय झालं, अशी सरबत्ती झाली. चालढकलीला एक अडचण असते. ती एकदाच करता येते. दुसऱ्या खेपेला समोरच्यानं मागची तारीख लिहून ठेवलेली असते. सुरुवातीला सांगितलेली पाइपची गोष्ट याच दौऱ्यातली. तो फुटला असो वा नसो, गेंडेनचं भवितव्य त्याआधीच्या बैठकीत ठरलेलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. फेब्रुवारी १९३६ मध्ये गुप्त पोलिसांचं गृहमंत्रालय झालं आणि चोइबाल्सान त्याचा मंत्री. त्याला आणि संरक्षणमंत्री देमिदला मार्शल हा किताब मिळाला. १२ मार्चला त्या तोंडी कराराला लेखी रूप आलं. त्याच महिन्यात पक्षाच्या केंद्रीय समितीनं सोव्हिएत मैत्रीत खोडा घातल्याचा ठपका ठेवून गेंडेनला दूर केलं आणि आमार पंतप्रधान झाला. गेंडेनला प्रकृतीच्या उपचारासाठी म्हणून सोव्हिएत देशात धाडलं आणि क्रिमियात काळ्या समुद्राकाठी फोरोसला ठेवलं. ज्याच्या मायदेशाला समुद्रच नाही असा माणूस वर्षभर लाटा मोजत बसला. १७ जुलै १९३७ ला तिथेच त्याला अटक झाली.

ऑगस्टमध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचा उपप्रमुख फ्रिनोव्स्की उलान बातरला उतरला. त्याच्याजवळ शंभरावर नावांची यादी होती. मार्शल देमिद मॉस्कोला बोलावण्यावरून रेल्वेनं निघाला, तो २२ ऑगस्टला सैबेरियातल्या तैगा स्टेशनवर डब्यात मेलेला सापडला; विषबाधा, असं जाहीर झालं. सुमारे तीस हजार सोव्हिएत सैनिक देशात शिरले. १० सप्टेंबरच्या रात्री ६५ बडे अधिकारी उचलले गेले. ऑक्टोबरात राजधानीच्या नाट्यगृहात चौदा जणांवर जाहीर खटला चालला. कटाला नाव होतं गेंडेन-देमिद यांचं. एक आधीच मेलेला आणि दुसरा मॉस्कोच्या तुरुंगात; रंगमंचावर मुख्य पात्रंच नव्हती. तेरा जणांना मृत्युदंड झाला.

गेंडेन लामांशी संगनमत केलेला जपानी हेर ठरला. २६ नोव्हेंबर १९३७ ला मॉस्कोत त्याला गोळी घातली. बरोबर तेरा वर्षांपूर्वी याच तारखेला महाखुरालनं प्रजासत्ताक घोषित केलं होतं आणि तो प्रतिनिधींच्या बाकावर बसलेला होता.

त्यानं जे लांबवलं होतं ते मग चोइबाल्साननं दीड वर्षात उरकलं. त्यासाठी नेमलेल्या विशेष आयोगानं वीस हजारांहून जास्त माणसं मारली, त्यात निम्म्याहून कितीतरी अधिक लामा. मठ जाळले, पाडले, काशाच्या मूर्ती वितळवल्या. १९३९ पर्यंत चालू राहिलेला मठ शोधावा लागला असता. राजधानीतला गंदन मठ १९४४ मध्ये परत उघडला, तोही अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस येऊन गेले त्या वर्षी, पाहुण्यांना दाखवण्यापुरता.

आमारचं काय झालं? तो गेंडेनसारखा गर्जणारा नव्हता. शांत, शिकलेला, मंगोलियाचा इतिहास लिहिणारा माणूस. मारून टाकणं मंजूर करायच्या कागदांपुढे त्याचाही हात अडखळत होता. ७ मार्च १९३९ च्या बैठकीत त्याच्यावर आरोपांची झोड उठली. त्यानं तिथल्या तिथे चोइबाल्सानला उत्तरं दिली आणि सभेतून सरळ अटकेत गेला. सोव्हिएत देशात नेऊन १९४१ मध्ये त्यालाही मारलं. त्या मार्चमध्येच चोइबाल्सान पंतप्रधान झाला आणि १९५२ मध्ये मॉस्कोतल्या रुग्णालयात कर्करोगानं मरेपर्यंत पंतप्रधानच राहिला.

गेंडेनला संत करू नये. डाव्या वळणाची उपासमार आणि ल्हुम्बेचं रक्त त्याच्या हिशेबातून पुसता येत नाही. पण १९३४ पासून लामांच्या कत्तलीचा हुकूम त्याच्या टेबलावर पडून होता, आणि तो होता तोवर पडूनच राहिला. स्टालिनचं काम अडवून ठेवणारे पंतप्रधान त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. त्या काळातल्या मंगोल राज्यकर्त्यांत मी त्याला पहिला नंबर देईन, डागांसकट.

१९५६ मध्ये सोव्हिएत न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. मंगोलियात त्याचं नाव मोकळेपणानं घ्यायला १९९० ची लोकशाही चळवळ यावी लागली. तो पंतप्रधान असताना उलान बातरमधल्या ज्या लाकडी घरात राहायचा, तिथे १९९६ मध्ये त्याच्या मुलीनं, त्सेरेन्दुलमनं, राजकीय छळाच्या बळींचं संग्रहालय उघडलं. त्यात काचेमागे माणसांच्या कवट्या मांडल्या होत्या, गोळीची भोकं असलेल्या.